गोमुखामागची डीपी

माझ्या नणंदेचं, गीताबाईचं, ठरलेलं लग्न ज्या वर्षी पुढं ढकललं, ते साल १९८७. साखरपुडा दिवाळीनंतर झाला होता. होळीच्या सुमाराला नवरदेवाकडून निरोप आला की वऱ्हाडाला प्यायला पाणी आहे का ते बघूनच तिथी धरा. निरोप घेऊन आलेला माणूस भला होता, खाली मान घालून बोलला. माझ्या सासूबाई बायनाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्यांनी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तिथी पुढच्या साली धरू. पण मांडव माझ्याच दारात पडंल, तेवढं सांगा त्यास्नी."

आमचं गाव टाकळदरा, नेकनूरपासून आत डोंगराच्या अंगाला. त्या साली गावातला आड आणि विहिरी माघातच आटल्या. राहिला तो शाळेमागचा एक बोअर. त्याचं पाणी इतकं खोल गेलं होतं की दोर सोडून काढायची सोयच नव्हती. वीज आली की मोटार चालायची, मोटार चालली की हौदात पाणी पडायचं, आणि तेच हंडे-हंडे वाटून सगळं गाव जगायचं. भरलेला टँकर आमचा घाट चढत नव्हता. गावातली निम्मी माणसं नालाबांधाच्या कामावर, खोरं-टोपली घेऊन. आमचे मालकही तिकडंच होते. पाण्याचं बघायचं ते घरी राहिलेल्यांनी.

वीज यायची ती बालाघाट वीज सहकारी संस्थेची. आता ते नाव कुणाला सांगून कळणार नाही. वरून घाऊक वीज घ्यायची आणि डोंगरातल्या गावांना पोचवायची, असं संस्थेचं काम. मांजरसुंब्याच्या अलीकडं तिचं उपकेंद्र होतं, नेकनूरला गोदाम होतं, आणि गावोगावचे खांब, तारा, डीप्या सगळं तिच्या मालकीचं. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला तेलाचा मोठा डबा. वरच्या तारेतली जबर वीज घराला आणि मोटारीला सोसेल एवढी कमी करून तो खाली सोडतो. संस्था सभासदांची होती. माझ्या सासऱ्यांनी हयातीत तिचा एक भाग, म्हणजे शेअर, घेतला होता, ते गेल्यावर तो आत्याबाईंच्या नावावर आला.

आमची डीपी महादेवाच्या देवळामागं उभी होती. शेजारच्या गावांत चोर रातोरात डीपीतलं तेल काढून न्यायचे. आमच्या म्हाताऱ्यांनी विचार केला की देवाच्या पाठीशी उभी केली तर चोराचा हात धजणार नाही, म्हणून देवळाच्या जमिनीतला एक गुंठा संस्थेला दिला. संस्थेचे चेअरमन राधाकिशन आबा, खालच्या गावचे मोठे बागाईतदार. त्यांनी स्वतः येऊन डीपीपुढं नारळ फोडला होता. तेल कधी चोरीला गेलं नाही, हे खरं.

फाल्गुनात नेकनूरला गोदामाच्या आवारात सभासदांची सभा झाली. आत्याबाई म्हणाल्या, "चल गं छबू, आपला भाग हाय, आपुन जायाचं." बायका आम्ही दोघीच. आवारात जळालेल्या डीप्या रांगेनं पडल्या होत्या, अंगाला काळं तेल सुटलेल्या, फुगून मेलेल्या म्हशींसारख्या. आत्याबाई एकेकीजवळ थांबल्या आणि प्रत्येकीचं गाव विचारलं. वॉचमननं सांगितलं. त्या गावांत आता काय पितात, तेही त्यांनी विचारलं. ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

सभेत आबा बोलले. आबा बोलायला गोड, आवाज खणखणीत. "मंडळी, यंदा नवीन डीपी मिळायची न्हाई. वरून मालच न्हाई. ज्या गावाची जळंल, त्या गावानं पावसापर्यंत कळ काढायची. आन् ज्या गावात विहिरी कोरड्या, मोटारी बंद, तिथली डीपी रिकामी कावून ठेवायची? ती उतरवू आन् जिथं पाणी हाय तिथं लावू. संस्थेची वस्तू हाय, सगळ्यांच्या कामी यावी."

लोकांनी माना डोलवल्या. आत्याबाई मागून उठल्या. पदर सावरला आणि म्हणाल्या, "आबा, आमच्या गावात एकच मोटार चालती. पर ती पिण्याच्या पाण्याची हाय. ती रिकामी धरायची का भरलेली?"

हशा झाला. आबाही हसले. "बायनाबाई, चालती तंवर तुमची. जळू देऊ नका म्हंजे झालं."

"न्हाई जळू द्यायची," आत्याबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

परतीला एस.टी.नं आम्हांला घाटाखाली सोडलं. पायी घाट चढताना आत्याबाई म्हणाल्या, "त्या म्हशींच्या रांगंत आपली बसू द्यायची न्हाई."

पंधरवडाही गेला नसेल, मोटारीच्या खोलीतला दिवा नाचायला लागला. कधी डोळ्यांत जाईल असा भगभगीत, कधी बिडीच्या टोकाएवढा लाल. मोटार कण्हायची. हौदाच्या लोखंडी पाइपाला ओला हात लावला की मुंग्या यायच्या. बायका पाणी भरताना हात पदरात गुंडाळायला लागल्या.

संस्थेचा वायरमन बंकट सायकलवरून आला. तरणा माणूस, कपाळावर कायम रुमाल बांधलेला. तो डीपीच्या बुडाशी उकिडवा बसला. तिथून एक जाड तार जमिनीत गेलेली होती. त्यानं भोवतालची माती उकरली. भुगा निघाला, विटेच्या भट्टीतून काढल्यासारखा.

"मावशी, ही अर्थिंगची तार," तो आत्याबाईंना म्हणाला. "हिनं जमीन धरायला पायजे. जमीन ओली आसंल तर धरती. इथं तर राखच झालीया. म्हणून दिवा नाचतोय. असंच ऱ्हायलं तर आधी मोटार जाईल, मग डीपी."

"मग काय करावं?"

"खड्ड्यात कोळसा आन् खडेमीठ घालायचं, आन् रोज पाणी. सकाळी हंडाभर, सांजच्याला हंडाभर. माती ओली ऱ्हायली पायजे."

माणशी एक घागर मिळत होती तेव्हा. बंकटनंही खाली बघतच सांगितलं. मीठ आणि कोळसा त्यानं स्वतः घालून दिला, पण पाणी कुठून देणार?

पारावर माणसं जमली तेव्हा आत्याबाईंनी गोष्ट काढली. घराघरानं तांब्या-तांब्या द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. लोकांनी त्यांची चेष्टाच मांडली.

"माणसाला न्हाई आन् डब्याला पाजायचं?"

"बायनाबाई, डीपीला न्हाऊ-माखू घाला, तीट लावा, पाळण्यात घाला."

देवळाचे गुरव बद्रीनाथ, शांत माणूस, तेसुद्धा म्हणाले, "काकू, जमिनीत वतलेलं पाणी वर येतंय का? लोकांच्या तोंडचं हाय ते."

आत्याबाई घरी आल्या आणि आमच्याच वाट्याच्या हंड्यातून एक घागर उचलली. आंघोळी त्या दिवसापासून बंद झाल्या. भांडी राखेनं घासून पदरानं पुसायची. डाळीचं धुवण, तोंड धुतलेलं पाणी, काही सांडायचं नाही, सगळं एका मडक्यात साठायचं आणि सांजच्याला डीपीच्या खड्ड्यात जायचं. मला राग यायचा. एकदा मी म्हणालेही, "आत्याबाई, गाव हसतंय आन् आपुन तान्हेले ऱ्हातोय."

"हसू दे," त्या म्हणाल्या. "हसायला वलं तोंड लागतं. अजून हसतेत म्हंजे पाणी पितेत."

मिठानं मात्र नवीनच घोर लावला. आसाराम धनगराची शेरडं दुपारची देवळामागं बसायची. त्यांना मिठाचा वास लागला. एक दिवस आम्ही घागर घेऊन गेलो तर सगळा कळप डीपीच्या बुडाशी, चाटून चाटून खड्डा उकरलेला, तार उघडी पडलेली, आणि एक बोकड पुढचे पाय खड्ड्यात घालून मिटक्या मारतोय.

"आसाराम!" आत्याबाईंनी हाळी दिली. "तुजी शेरडं माजी डीपी खायलीत."

आसाराम झाडाखालून उठला, घोंगडी झटकत. "आक्का, तुमीच खारट केलीया. माज्या शेरडांनी मीठ पाह्यलंय कधी या साली? हिकडं चारा न्हाई, मीठ कुठून?"

"मरतील लेकरा, त्या तारंत वीज हाय."

आसारामचा चेहरा उतरला. त्यानं काठीनं कळप हाकलला, बोकडाला पोटाशी धरून मागं ओढला. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन बघतो तर डीपीच्या भोवती बोरीच्या काट्यांचं गच्च कुंपण, मेंढवाड्याला घालतात तसं. आसाराम शेजारी बसून पायातला काटा काढत होता. "आता बोकडाचा बापबी आत शिरत न्हाई," तो म्हणाला. त्यानं आत जायला एक फट तेवढी ठेवली होती. त्या दिवसापासून त्याच्या घरचा तांब्या यायला लागला. गावातला दुसरा.

पण दोन घरच्या पाण्यानं काही होईना. सकाळी ओतलेलं दुपारपर्यंत उडून जायचं. चैत्र संपला, दिवा नाचतच होता. मोटार एकदा बंद पडली, बंकटनं कशीबशी चालू केली. तो म्हणाला, "मावशी, मला लई भरवसा वाटत न्हाई."

आणि वैशाखात गावानं ठरवलं की महादेव पाण्यात ठेवायचा.

आमच्याकडं पाऊस हटला की ही रीत आहे. गाभाऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं ते गोमुख आतून चिंध्या आणि चिखलानं बुजवायचं, आणि पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा. देवाला कोंडायचं. जीव गुदमरला की देव पाऊस पाडतो. पाऊस पडल्याशिवाय बोळा काढायचा नाही. आमचा गाभारा लहान, चार पायऱ्या खाली उतरायचा, त्यामुळं फार पाणी लागत नसे. तरी ज्यांच्या घरी लेकरांचे ओठ फुटले होते, त्यांनीही डोक्यावर हंडा घेतला. डब्याला तांब्या न देणारे सगळे आले. कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

मला वाटलं, आत्याबाई आता टोमणा मारतील. त्यांनी मारला नाही. आमचा हंडाही त्यांनी गाभाऱ्यात ओतला, हात जोडले, आणि देवळाच्या ओट्यावर बसून राहिल्या. पिंड बुडाली, वर एक बेलाचं पान तरंगत राहिलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी देवळात गलका झाला. पिंडीचा माथा उघडा पडला होता. पाणी खाली गेलं होतं. बोळा नीट बसला नव्हता, आणि मागच्या उतरत्या बाजूला गोमुखातून थेंब थेंब गळत होतं. लोक घाबरले. देवानं पाणी नाकारलं, कुणाचा तरी विटाळ झाला, कुणी काय अन् कुणी काय. बद्रीनाथ फार हळहळले. "माज्या हातानं घातलेला बोळा," ते म्हणत होते. त्यांनी पोत्यातून सिमेंट आणवलं, गोमुख कायमचं लिंपून टाकायला.

मी आत्याबाईंना सांगायला घरी पळत गेले. त्या घरी नव्हत्या. बोअरवर होत्या. मोटारीच्या खोलीच्या दारात उभ्या राहून आत बघत होत्या.

"छबू, हितं बघ."

दिवा स्थिर होता. नाचत नव्हता. मोटारीचं कण्हणं थांबलं होतं, एकसारखा आवाज येत होता, जात्यासारखा. गीताबाई पाइपाला हात लावून उभी होती. "वहिनी, मुंग्या न्हाईत," ती म्हणाली.

आत्याबाई देवळाकडं निघाल्या, आणि मी मागं. देवळामागं जाऊन बघतो तर गोमुखातून गळलेलं पाणी उताराला लागून सरळ डीपीच्या बुडाशी गेलं होतं. ज्या मातीचा भुगा व्हायचा ती काळी, ओलीचिंब दिसत होती. घागरीचं पाणी एकदम पडून उडून जायचं, हे दिवसरात्र थेंब थेंब मुरलं होतं.

बद्रीनाथ थापी घेऊन आले तेव्हा आत्याबाई गोमुखाच्या बाजूला पाठ भिंतीला लावून उभ्या होत्या.

"काकू, सरका जरा."

"न्हाई सरकत."

"देव उघडा पडलाय, काकू."

"देवाला झाकायला मी पाणी आणते. पर हे बुजवू देणार न्हाई. आधी माज्यासंगं बोअरवर चला. दिवा बघा. मग तुमी म्हणाल ते."

माणसं चिडली. एक जण म्हणाला, "म्हातारीला डीपीनं झपाटलंय." आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. बद्रीनाथांनी थापी खाली ठेवली. मऊ स्वभावाचा माणूस, पण आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणणारा नव्हता आणि नाहीही म्हणणारा नव्हता. ते बोअरवर गेले. बराच वेळ दिव्याखाली उभे राहिले. मग हौदातल्या धारेखाली ओंजळ धरली, पाणी प्यायले, तोंडावरून हात फिरवला.

परत आल्यावर ते पारावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपुन देवाला पाणी मागितलं. त्यानं हे धाडलं आसंल तर मी सिमेंट लावणारा कोण? पर देव बुडालेलाच ऱ्हायला पायजे. माथा दिसता कामा न्हाई. बोळा आसाच सैल ठेवतो. जेवढं गळंल तेवढं रोज भरायचं. घराला एक तांब्या. हाय कबूल?"

देवाचा तांब्या कोण नाकारणार? रोज सकाळी बायका रांगेनं गाभाऱ्यात तांब्या ओतू लागल्या. चेष्टा करणाऱ्यांच्या घरचाही. आत्याबाई मला म्हणाल्या, "बघ, आपलं दोघींचं म्हणणं कुणी ऐकलं न्हाई. महादेवानं एका बोळ्यात गाव सरळ केलं."

पाणी वाटेत पसरून वाया जाऊ नये म्हणून चर खणायची होती. जमीन मुरमाड, टिकाव मारला की ठिणगी उडायची. आम्ही दोघी आणि गीताबाई, उन्हं कलली की खणायचो. माझ्या तळहाताला फोड आले, आत्याबाईंच्या हाताला येत नव्हते, तिथं आधीच चामडं झालं होतं. आसारामनं पहार आणली. चर गोमुखापासून डीपीपर्यंत नेली, आणि मग आत्याबाई म्हणाल्या की चारी बाजूंनी माती ओली राहिली तर बरं, म्हणून डीपीला वळसा घालून, सगळीकडून फिरवून, शेवटी तारेच्या खड्ड्यात सोडली.

आता देवाच्या पिंडीवरून आलेलं पाणी कुणी ओलांडत नाही. महादेवाला म्हणूनच कुणी पुरी प्रदक्षिणा घालत नाही, गोमुखापर्यंत जाऊन मागं फिरतात. तेव्हा डीपीच्या चारी बाजूंनी देवाचं पाणी, म्हणजे आत जायचीच बंदी झाली. बंकटला तर आत जावं लागायचं. बद्रीनाथांनी तोड काढली. पाण्याची वाट झाकलेली असली तर ओलांडायला चालते. म्हणून चरीवर एक फरशी टाकली. बंकट यायचा, चपला काढायचा, फरशीवरून आत जायचा आणि तसाच परत यायचा. "मावशी, संस्थेच्या कुठल्याच डीपीला मी हात जोडत न्हाई," तो म्हणायचा, "हितं मात्र आपसूक जोडले जातेत."

ज्येष्ठ लागला तरी आभाळ कोरडंच. तेव्हा एका सकाळी घाटातून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत दोर, साखळ्या, आणि संस्थेची चार माणसं. बंकटही त्यांच्यात होता, तोंड पाडून. आमची डीपी उतरवून नदीकाठी न्यायची, असं ठरलं होतं. तिथं विहिरींना पाणी होतं आणि त्यांची डीपी जळाली होती. तिथल्या मोसंबीच्या बागा कुणाच्या, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. आबांच्या.

मी पळत देवळामागं गेले. आत्याबाई माझ्या आधीच पोचल्या होत्या. चरीवरची फरशी त्यांनी एकटीनं ओढून काढली होती, चिंचेच्या सावलीत नेऊन टाकली होती, आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या होत्या. तंबाखू मळत.

ट्रॅक्टरवाला उतरला आणि कुंपण बाजूला करायला निघाला. बंकट म्हणाला, "थांब. तिथं देवाचं पाणी हाय."

"कसलं देवाचं?"

"महादेवाच्या गोमुखाचं. देव पाण्यात ठेवलाय."

ट्रॅक्टरवाल्याचा उचललेला पाय खाली आला. त्यानं चरीकडं बघितलं, देवळाकडं बघितलं. मागच्या माणसाला म्हणाला, "अबे, तू जा."

"मी कावून जाऊ? तूच पुढं व्हतास."

"तुला पोरंबाळं झालीत. माजं अजून लगीन व्हायचंय."

तिघं-चौघं चरीच्या कडेला उभे, कुणी पाय पुढं टाकेना. "मावशी, ती फरशी द्या की जरा," एक जण हळूच म्हणाला.

"बसायला घेतलीया," आत्याबाई म्हणाल्या. "म्हातारं माणूस, भुईवर ऊन लागतं."

एव्हाना गाव जमलं होतं. बद्रीनाथ आले, आसाराम आला, हंडे ठेवून बायका आल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळे चिंचेखाली जाऊन आत्याबाईंच्या आजूबाजूला बसले, एवढंच.

ट्रॅक्टरवाला रिकाम्या ट्रॉलीनिशी गेला आणि दुपारी आबांना घेऊन आला. जीपमधून. आबा उतरले, त्यांनी सगळं बघितलं, आधी चपला काढल्या आणि गाभाऱ्यात जाऊन आले. मग आमच्यापुढं उभे राहिले. घाम पुसत म्हणाले, "बायनाबाई, तुमी तर महादेवालाच चौकीदार बसवलाय."

"म्या न्हाई, आबा. तुमीच नारळ फोडून त्याच्या पाठीशी डीपी दिली व्हती."

"हे बघा, जमीन देवाची आसली तरी डीपी संस्थेची हाय."

"आन् संस्था कुणाची? नेकनूरला सगळ्यांम्होरं इचारलं व्हतं मी, रिकामी का भरलेली. तुमी म्हणाला, चालती तंवर तुमची." आत्याबाई उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. "चालतीया का न्हाई ते बघून या. बंद आसंल तर ही फरशी मी सोता आणून टाकते."

आबांनी पायात चपला घातल्या. आणि गेले. बोअरवर त्यांच्या मागं निम्मं गाव गेलं. दिवा शांत जळत होता. हौदात धार पडत होती, जाडी करंगळीएवढीच, पण सारखी. गीताबाईनं तांब्या विसळून आबांना पाणी दिलं. ते उभ्यानंच प्यायले, अर्धा तांब्या उरला तो त्यांनी फेकला नाही, हौदात परतही टाकता येईना, म्हणून धरून उभे राहिले. मग चालत देवळात गेले आणि तो गाभाऱ्यात ओतला.

"माज्या बागंचं काय करू, तुमीच सांगा," बाहेर येऊन ते म्हणाले. खरंच विचारत होते. बाग जळत होती त्यांची, खोटं नव्हतं.

"मोसंबी लावता ईल परत," आत्याबाई म्हणाल्या. "आमाला परत कुठं लावणार?"

आबा जीपकडं गेले. जाताना बंकटला म्हणाले, "हितली जळाली तर मला सांगाय येऊ नको." बंकट म्हणाला, "न्हाई जळत, आबा." त्याचा एवढा ठाम आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मोसंबीच्या दोन पट्ट्या त्या साली वाळल्या, असं पुढं ऐकलं. आबांनी त्याचा राग आमच्या गावावर धरला नाही. पुढच्या निवडणुकीत आत्याबाईंना संस्थेवर संचालक म्हणून उभं करायला ते स्वतः आले होते. आत्याबाईंनी नको म्हटलं. "रोज तिकडं कोण जातंय," म्हणाल्या.

पाऊस आषाढात आला. बद्रीनाथांनी गोमुखाचा बोळा काढला, तेव्हा आत्याबाई चरीच्या तोंडाशी उभ्या होत्या, पाणी नीट वळतंय का बघत. गीताबाईचं लग्न दुसऱ्या साली आमच्याच दारात झालं. मांडवात दिव्यांची माळ लावली होती, ती त्याच डीपीवर.

ती डीपी पुढंही बरीच वर्षं टिकली. संस्था मोडली, तिचे खांब, तारा, उपकेंद्र सगळं दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं. आम्ही मात्र उन्हाळा लागला की चर साफ करत राहिलो. डीपीवर एक पत्र्याची पाटी होती. आत्याबाई आणि मी तिच्याकडं रोज बघायचो, पण वाचता येत नव्हतं. नंतर गावात प्रौढांचा वर्ग निघाला, मी अक्षरं शिकले, आणि एक दिवस पाटीपुढं जाऊन ती वाचली. वर संस्थेचं नाव होतं, मध्ये नंबर होता, आणि खाली 'धोका, हात लावू नये'. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या खाटेवर पडून होत्या. म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं आपल्या गावाचं नाव आसंल."

बायनाबाई १९९६ साली, संक्रांतीनंतरच्या मंगळवारी सकाळी, आमच्या घरी वारल्या.